तिला विमान कुणी दिलं?

मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मागच्या सोमवारी शाळेच्या फलकावर चार ओळींची सूचना लागली. ‘विमान कक्ष’, म्हणजे मुली जिथे विमानाचं तंत्र हाताने शिकतात ती खोली, महिनाअखेरीस बंद होणार. ती खोली स्पर्धा परीक्षांच्या वर्गाला दिली जाणार. खोलीतलं साहित्य संस्थेच्या दुसऱ्या शाखेतल्या रोबोटिक्स प्रयोगशाळेत जाणार. आणि जिन्याजवळच्या भिंतीला रंग देऊन तिथे गुणवंतांचा फलक लागणार. त्या भिंतीवर १९३६ साली एकटीने विमान उडवणाऱ्या सरला ठकराल यांचं चित्र आहे. सूचनेत चित्राचा उल्लेख नाही, नुसतं ‘भिंत’ म्हटलं आहे.

मी तीन पत्रं कार्यालयात दिली. तिन्हींवर आवक शिक्का मिळाला, उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहिते आहे. पार्ल्यातल्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ते वाचावं अशी इच्छा आहे. तुमच्यापैकी कुणाविषयी माझ्या मनात अढी नाही. तुमच्यातल्या एका सरांनी मला नववीत बीजगणित शिकवलं. त्या बीजगणितावर मी पुढे अडतीस वर्षं पोट भरलं.

मी याच शाळेतून १९७७ साली दहावी झाले. १९८१ मध्ये सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, शिकाऊ म्हणून लागले आणि २०१९ मध्ये विमान देखभाल अभियंता म्हणून तिथूनच निवृत्त झाले. शाळा करोनानंतर पुन्हा भरू लागली तेव्हापासून दर शनिवारी साडेनऊ ते साडेअकरा मी विमान कक्षात मुलींना शिकवते. मानधन घेत नाही, मागितलंही नाही. तेव्हा या खोलीबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी धरून चालते.

ही खोली कशी सुरू झाली ते तुमच्यापैकी नव्या सदस्यांना माहीत नसेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वर्ग अजून मोबाइलच्या पडद्यावरच भरत होते. ८ ऑगस्टला गूगलने आपल्या पानावर सरला ठकराल यांचं चित्र लावलं, त्यांच्या १०७व्या जन्मदिनाचं. खरं तर ते आदल्या वर्षीच लागायचं होतं. पण ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला विमान अपघात झाला आणि त्या दुःखात ते मागे ठेवलं गेलं. तर त्या निमित्ताने तेव्हाच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारलं, सातवीच्या मुलींशी अर्धा तास बोलाल का? मी बोलले. साडी नेसून विमान उडवणारी पहिली भारतीय स्त्री, वय एकवीस, घरी चार वर्षांची मुलगी, असं सगळं रंगवून सांगितलं. शेवटी एका मुलीने माइक सुरू केला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तिने विचारलं, “बाई, पण तिला विमान कुणी दिलं?”

मी म्हटलं, क्लबचं होतं.

“मग क्लबमध्ये तिला कुणी घेतलं?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी वाचत बसले. विमान कक्षाची कल्पना त्या प्रश्नातून निघाली. आज तुमच्यासमोर जे मांडते आहे तेही त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून ते सविस्तर सांगते.

सरलाबाईंचा जन्म १९१४ चा, दिल्लीतला. सोळाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. पती पी. डी. शर्मा वैमानिक होते. कराची ते लाहोर टपालाचं विमान नेत. विमानटपालाचा परवाना मिळवणारे ते पहिले भारतीय असं सांगतात. सासरच्या घरात नऊ वैमानिक होते. त्या काळी आपल्याकडे अख्ख्या गावाने विमान पाहिलेलं नसायचं, आणि या घरात जेवताना विमानाच्या गप्पा चालत असतील. पतीने आडकाठी केली नाही, उलट प्रोत्साहन दिलं. सासऱ्यांना तर मुलापेक्षा जास्त हौस. त्यांनीच सुनेचं नाव फ्लाइंग क्लबात घातलं. तिथल्या पुरुषांनी आपल्याला कधी परकं वाटू दिलं नाही, असं त्या पुढे सांगत असत.

१९३६ साली लाहोरच्या क्लबात त्यांनी पहिल्यांदा एकट्याने विमान नेलं. विमान होतं जिप्सी मॉथ. ते कसलं यंत्र होतं हे मी मुलींना तपशिलात सांगते, कारण माझा जन्म यंत्रांत गेला आणि नुसत्या धाडसाच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड ताणून रोगण दिलेलं. वर-खाली दोन पंख. सुमारे शंभर अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन; हल्लीच्या साध्या मोटारगाडीचं एवढंच असतं. पंखा हाताने फिरवून चालू करायचा, त्यासाठी जमिनीवर एक माणूस लागायचा. चाकांना ब्रेक नाहीत. एकापुढे एक अशा दोन उघड्या बैठका. शिक्षक आणि विद्यार्थी एका नळीतून एकमेकांशी बोलत. एकट्याने उडवायचं तर मागच्या बैठकीतून. म्हणजे समोरची जागा रिकामी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नाही. त्या दिवशी सरलाबाई अशा निघाल्या, गेल्या आणि उतरल्या.

सगळे साडीपाशी थांबतात. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांत साडी, चित्रात साडी, शाळेच्या भाषणात साडी. मीही त्या पहिल्या दिवशी तिथेच थांबले होते, आणि मला ते आता खटकतं. साडी त्या रोजच नेसत होत्या. खरी गोष्ट पुढे आहे. त्या एका उड्डाणावर थांबल्या नाहीत. त्यांनी वैमानिकाचा ‘अ’ परवाना मिळवला आणि क्लबच्या विमानावर हजार तास पूर्ण केले, असं सांगतात. हजार तास! आज व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्या देशात २०० तास लागतात. हजार तास म्हणजे थंडीत उघड्या बैठकीत बसणं, वारा कुठून आहे ते बघणं, प्रत्येक वेळी इंजिन ऐकणं, पुन्हा उतरणं, पुन्हा निघणं. त्यात चमत्कार काही नाही. रोजचं काम आहे, आणि रोजचं काम करू दिलं तरच होतं.

नंतर काय झालं तेही मुलींना कळायला हवं. १९३९ मध्ये शर्मा विमान अपघातात गेले. सरलाबाई चोवीस वर्षांच्या होत्या, पदरी मुली. तरीही त्यांनी व्यावसायिक परवान्याचा विचार सोडला नाही आणि त्या जोधपूरला शिकायला गेल्या. एवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि नागरी प्रशिक्षण थांबलं. हातात कसब तेच होतं. माणूस तेच, डोळा तोच, हजार तासांची सवय तीच. दार मात्र बंद झालं, आणि त्यांचं वैमानिक म्हणून आयुष्य तिथेच संपलं. त्या लाहोरला परतल्या, मेयो कला विद्यालयात चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर मुलींना घेऊन दिल्लीला आल्या, १९४८ मध्ये आर. पी. ठकराल यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे कपड्यांवरची नक्षी, दागिने, चित्रं यांत त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला आणि तो उतारवयापर्यंत चालवला. विजयालक्ष्मी पंडित त्यांच्याकडून साड्या घेत. आयुष्य कर्तबगारीचंच झालं. पण त्या व्यावसायिक परवान्याचं काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

‘पहिली’ या शब्दावर मी फार भर देत नाही. उर्मिला पारीख यांनी १९३२ मध्येच परवाना मिळवल्याची नोंद सांगितली जाते. मुलींनी मला तेही विचारलं होतं आणि आम्ही ते भिंतीवर चित्राखाली लिहिलं आहे. आमच्या खोलीत खोटी नोंद चालत नाही. हँगरमध्ये लॉगबुकात खोटं लिहिलं तर माणसं मरतात. ती सवय मी मुलींना लावते आहे.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे: सरलाबाईंना विमान नवऱ्याने दिलं, सासऱ्यांनी दिलं, नऊ वैमानिकांच्या घराने दिलं, आणि क्लबाने दिलं. १९२८ पासून देशात फ्लाइंग क्लब निघाले ते सरकारी मदतीवर चालत, म्हणजे थोडं सरकारनेही दिलं. त्यांची जिद्द त्यांची स्वतःची, त्याबद्दल शंका नाही. पण जिद्दीला हात लावायला यंत्र लागतं. उषा सुंदरम यांनी १९५१ मध्ये इंग्लंडहून मुंबईपर्यंत डव्ह विमान २७ तासांत आणलं, ते वैमानिक पतीच्या जोडीने. प्रेम माथुर यांना परवाना असूनही आठ कंपन्यांनी नकार दिला. नववी कंपनी, हैदराबादची डेक्कन एअरवेज, हो म्हणाली म्हणून देशाला पहिली व्यावसायिक स्त्री-वैमानिक मिळाली. आपल्या मराठी सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कलकत्ता–सिलचर फॉकर विमान नेलं, सोबत निवेदिता जैन, संपूर्ण चमू स्त्रियांचा. त्याआधी कुणीतरी त्यांना उमेदवारीचे तास उडू दिले होते. मी हे सगळं एकाच कारणासाठी सांगते आहे. प्रत्येकीच्या मागे एक उघडं दार सापडतं.

आता आपल्या मुलींचं बघा.

आपल्या शाळेत येणाऱ्या मुली जरीमरीच्या, मरोळच्या, गोळीबारच्या, पार्ल्याच्या पूर्वेच्या चाळींतल्या आहेत. दोघी-तिघींचे वडील कार्गोत लोडर, एकीची आई टर्मिनलची फरशी पुसते, एकीचे काका विमानातलं जेवण भरणाऱ्या गाडीवर आहेत. वर्गात शिकवताना दर काही मिनिटांनी शिक्षकांना आवाज जाईपर्यंत थांबावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या पश्चिमेला तीन-चार किलोमीटरवर जुहूचं विमानतळ आहे. १९२८ मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात त्या मैदानाचा चिखल व्हायचा, मग विमानं पुण्याला न्यावी लागत. २०१९ मध्ये याच मुंबईची आरोही पंडित एका छोट्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून गेली. हा इतिहास आपल्या दाराशी आहे. तरीही माझ्या वर्गातल्या पहिल्या वर्षीच्या अठ्ठावीस मुलींपैकी विमानात बसलेली एकच होती, आणि विमानाला हात लावलेली एकही नव्हती.

या मुलींच्या घरात नऊ वैमानिक नाहीत. सासऱ्यांची हौस त्यांच्या वाट्याला येईल अशी आशा धरणं मला जमत नाही. त्यांना दार उघडून द्यायचं तर ते शाळेनेच.

तुमच्या सूचनेमागची कारणं मला बैठकीला हजर असलेल्या एका सदस्यांनी तोंडी सांगितली. त्यांचं नाव घेत नाही. एकेक घेते.

पहिलं कारण, मुलींचा प्रतिसाद कमी. माझ्याकडे हजेरीची वही आहे. पटावर त्रेचाळीस मुली, नियमित येणाऱ्या सव्वीस. गेल्या वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी हजेरी घसरली हे खरं. पण त्या नऊ आठवड्यांत खोलीत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले होते आणि खोलीला कुलूप होतं. मी व्हरांड्यात बसून शिकवत होते. त्यातल्या दोन शनिवारी क्रीडामहोत्सवामुळे व्हरांडाही नव्हता. कुलूप शाळेने लावायचं आणि मुली येत नाहीत असं शाळेने म्हणायचं, हे मला पटत नाही. मार्चमध्ये खोली मोकळी झाली, पुढच्याच शनिवारी बावीस मुली आल्या. वही कार्यालयात आणून दाखवायला मी तयार आहे. आजवर कुणी मागितली नाही.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. पाती, सोल्डरिंग आयर्न, पंखा. चार वर्षांत एका मुलीच्या बोटाला बाल्सा लाकूड कापताना जखम झाली. त्याच दिवशी मी नियम लिहून दाराला लावले, हातमोजे आणले, पाती मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची पद्धत सुरू केली. हँगरमध्ये हत्यारं अशीच मोजतात. एक पाना हिशेबात कमी आला तर विमान सोडत नाहीत. खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिक ॲसिड आहे. ती बंद करायची सूचना कुणी केल्याचं मी ऐकलं नाही.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त लागलं. ‘मुलींना पुढे त्याचा काय उपयोग?’ हे वाक्य बैठकीत बोललं गेलं. कुणी आक्षेप घेतला की नाही, ठाऊक नाही.

याला माझ्याच आयुष्यातलं उत्तर देते. १९८१ मध्ये मी हँगरमध्ये लागले तेव्हा तिथे बायकांसाठी मोरी नव्हती. टर्मिनलपर्यंत बारा मिनिटं चालत जावं लागे, म्हणून मी दुपारभर पाणी पीत नसे. दोन वर्षं मला भांडाराच्या नोंदी करायला बसवलं. हत्याराला हात लावू देत नव्हते, म्हणत, पोरीला काय उपयोग, लग्न होऊन जाईल. शब्द तेच. मग एक जुने फोरमन होते, आता हयात नाहीत. एका रात्रपाळीला माणूस कमी पडला. त्यांनी माझ्या हातात टॉर्क पाना दिला आणि म्हणाले, “हे सहा बोल्ट तू घट्ट कर, मी तपासतो.” त्यांनी सहाही तपासले. सहाही बरोबर होते. दुसऱ्या दिवसापासून मी भांडारात बसले नाही. पुढे माझ्या सहीवर विमानं सुटली. त्या सहा बोल्टांआधीही मी तीच होते, तेवढीच हुशार, तेवढीच कामाची. दोन वर्षांत कुणी पाना दिला नव्हता एवढंच.

आणि मुलींचं म्हणाल तर, आमची एक मुलगी आता अकरावी विज्ञानाला आहे. वैमानिक व्हायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं हे तिला आठवीतच आमच्या खोलीत कळलं. एरवी ती तिच्या बहिणीमागोमाग वाणिज्य शाखेला गेली असती. घरी वैमानिकी परवडणार नाही हे तीही जाणते, लाखांच्या घरातला खर्च आहे. ती देखभालीच्या परवान्याच्या मागे आहे. दुसरी एक विमानतळावर हवामानाचं काम करणाऱ्यांची माहिती काढते आहे. बाकीच्या मुली यातल्या कशात जाणार नाहीत कदाचित. पण कूलरचा पंखा आणि चार हजार स्ट्रॉ वापरून त्यांनी वातबोगदा, म्हणजे वाऱ्याच्या झोतात पंख तपासायचा बोगदा, बनवला, पुठ्ठ्याचा पंख किती अंशाला वळवला की वर उचलायचा थांबतो ते स्वतः मोजलं, तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा आकडा जुळला. तो आकडा त्यांचा आहे. आपल्या देशातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. त्यातल्या बऱ्याच जणींना शाळेत कुणीतरी काहीतरी हातात दिलं असणार.

साहित्य हलवण्याबद्दल. दुसऱ्या शाखेतल्या प्रयोगशाळेची वार्षिक फी साडेनऊ हजार रुपये आहे. तिथे जायला आपल्या मुलींना दोन बस बदलाव्या लागतील, आणि तिथला वर्ग संध्याकाळी सातला सुटतो. ‘मुलींनाही प्रवेश खुला आहे’ असं मला सांगण्यात आलं. कोणती आई जरीमरीहून आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला पाठवेल? शिवाय साहित्य कुणाचं, हाही प्रश्न आहे. काचेला तडा गेलेला उंचीमापक, झिजलेला टायर आणि लाकडी पंखा हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी रीतसर भंगारातून सोडवून आपल्या शाळेच्या मुलींसाठी म्हणून दिले. जिप्सी मॉथची पाच फुटी प्रतिकृती सोळा मुलींनी दीड वर्षं खपून बनवली. तिच्या कापडाला त्यांनी साबुदाण्याची खळ लावली, कारण रोगण महाग होतं. खालच्या पंखाच्या आतल्या फासळीवर सोळा जणींची नावं पेन्सिलीने लिहिलेली आहेत. ती प्रतिकृती कुठे जाणार हे त्या सोळा जणींना कुणी विचारलं नाही.

राहिलं चित्र. ते आपल्या कलाशिक्षकांनी मुलींना घेऊन दोन महिन्यांत काढलं. सरलाबाई विमानाच्या पंखाजवळ उभ्या आहेत, डोक्यावर चामडी टोपी, वर सरकवलेला गॉगल. पहिल्यांदा चित्रात चाकाला ब्रेकची तार काढली गेली होती. मुलींनीच सरांना दाखवून दिलं की मॉथला ब्रेक नव्हते, आणि तार पुसली. गुणवंतांचा फलक लागावा, जरूर लागावा, मुलांनी मेहनत केलेली असते. पण शाळेच्या प्रवेशदाराजवळ, कार्यालयाबाहेर, सभागृहात, तीन भिंती रिकाम्या आहेत. मी परवा मोजून आले. जिन्याजवळची भिंतच का हवी?

स्पर्धा परीक्षांच्या वर्गाला माझा विरोध नाही. तो आठवड्यात पाच दिवस संध्याकाळी भरणार आहे असं कळतं. आम्हाला शनिवारचे सकाळचे दोन तास पुरतात. एक कपाट आणि एक लांब टेबल ठेवू दिलंत तर दोन्ही गोष्टी एकाच खोलीत नांदतील. हे मी पहिल्या पत्रातच लिहिलं होतं.

माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

१. विमान कक्ष बंद करण्याची सूचना मागे घ्यावी. खोली इतर दिवशी वर्गाला द्यायला हरकत नाही. शनिवारी सकाळी ती मुलींची राहावी.

२. साहित्य जागेवरून हलवू नये. हलवणं अटळच असेल तर आधी मुलींना आणि देणगीदारांना लेखी विचारावं.

३. सरला ठकराल यांच्या चित्राला रंग लावू नये. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते, तिची दुरुस्ती करावी. दुरुस्तीचा खर्च मी आणि चार माजी विद्यार्थिनी द्यायला तयार आहोत.

४. या विषयावर विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत मुलींच्या दोन प्रतिनिधींना दहा मिनिटं बोलू द्यावं. मी त्यांच्या वतीने बोलणार नाही. त्यांना बोलता येतं.

५. माझ्या तीन पत्रांना लेखी उत्तर द्यावं, ते नकाराचं असलं तरी.

माझं वय आता चौसष्ट आहे आणि मी कायम येऊ शकणार नाही. म्हणून या वर्षी दहावीतल्या दोघींना मी पाचवीच्या मुलींना शिकवायला लावलं आहे. सूचना लागल्यावर त्यातली एक मला म्हणाली, “बाई, मग आपण मॉथ घरी नेऊ या का?” तिची खोली दहा बाय दहाची, माणसं सहा. मी तिला सांगितलं, थांब, मी आधी सरांना लिहिते.

येत्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे साडेनऊला येईन. मुलींनाही यायला सांगितलं आहे. या आठवड्यात एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांच्या, दोऱ्या बसवायच्या आहेत. खोलीची किल्ली शिपाईमामांकडे ठेवावी, ही विनंती.

आपली,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी,
निवृत्त विमान देखभाल अभियंता,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई